सात रस्त्यावरचे कस्तूर

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बसणारी माणसं जास्त झाली, की किस्से साठायला वेळ लागत नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या दुकानात दर रविवारी, पक्षी बघून आल्यावर, आमची चौकडी चहाला बसते. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले कुलकर्णी सर. शिवणक्लासवाल्या नसीमबाजी. कापड दुकानदार शिवलिंगअप्पा. आणि मी सुनंदा, सगळ्यांचं ऐकून घेणारी!

सध्या आम्हाला कस्तुराचं वेड लागलंय. इंग्रजीत थ्रश. साधारण मैनेएवढा पक्षी, जमिनीवर टुणटुण उड्या मारत पालापाचोळा उलटापालटा करून किडे शोधणारा. सर म्हणतात, जगात ह्याच्या दीडशेच्या वर जाती! मग ठरलं, ज्याचं माणूस जिथं असेल तिथल्या कस्तुराचा फोटो मागवायचा आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवायचा. डोळे तपासायचा तक्ता बिचारा कोपऱ्यात गेलाय.

*

पहिला फोटो सरांच्या लेकीकडून, स्वीडनहून. तिकडचा एक कस्तूर थव्यानं घरटी करतो. जावईबापू नवा कोट घालून घरट्याचा फोटो काढायला गेले. अख्खा थवा नेम धरून त्यांच्यावर शिटला!

सर कौतुकानं म्हणाले, "शत्रूला पळवायची ही त्यांची पद्धत आहे. फार शिस्तबद्ध पक्षी."

अप्पा म्हणाले, "सासुरवाडी न्हवं, तरी जावयाचा मान ठेवला की!"

*

माझा भाऊ लंडनला असतो. त्याला रोज सकाळी कुंपणापलीकडून टक् टक् ऐकू यायचं. आमचं घराणंच तापट! गेला तावातावानं शेजाऱ्याकडं. तर शेजारीच म्हणे, "मी तुमच्याकडे यायला निघालो होतो. ठोकाठोकी तुमचीच चालते!"

दोघांनी मिळून शोध घेतला. कुंपणाजवळच्या दगडावर ठिपक्याठिपक्यांचा एक कस्तूर गोगलगाय आपटून आपटून फोडत होता.

"सोलापुरात असते तर दोघं कोर्टात गेले असते," अप्पा म्हणाले. "अन् तारखेला एकाच रिक्षातनं!"

*

नसीमबाजींचा मुलगा अमेरिकेत. तिथला तांबूस छातीचा कस्तूर म्हणजे अमेरिकन रॉबिन. त्यातल्या एका मादीनं बाजींच्या सुनेच्या दारावर लावलेल्या शोभेच्या फुलांतच घरटं केलं आणि निळी अंडी घातली. घरच्यांनी पुढचं दारच बंद करून टाकलं. सगळे गॅरेजमधून ये-जा करायला लागले!

बाजी भडकल्या. "मैं गई तो बहू पैलेच दिन बोली, अम्मी, चप्पल भायेर! इस चिडिया को कुच नै बोलती!"

*

सरांनी एकदा सांगितलं, कोस्टा रिका देशात रंगीबेरंगी पक्ष्यांची नुसती जत्रा असते. पण राष्ट्रीय पक्षी कोण? मातकट रंगाचा कस्तूर! का, तर पावसाळा तोंडावर आला की तो गोड गातो.

मी म्हटलं, "बघा, रंगावर न जाणारीही माणसं असतात."

"आमच्यात एकदा स्थळ बघायला ये की, मग कळंल," अप्पा म्हणाले.

*

एवढे बोलणारे अप्पा भिंतीकडं बघितलं की मात्र गप्प व्हायचे. त्यांचा मुलगा बसू श्रीपूरला, साखर कारखान्यात केमिस्ट. कुणी विचारलं की अप्पा हळूच सांगायचे, "हितंच हाय, जिल्ह्यातच." मला लई वाईट वाटायचं. आपल्या पोराचाही एक फोटो त्या भिंतीवर लागावा, एवढीच त्यांची इच्छा.

एकदा बसूनं फोनवर फोटो पाठवला. सरांनी चष्मा वर करून बघितला. "हा चिरक. इंडियन रॉबिन. कस्तुराच्या कुळातला नाही."

"अय्यो! अमेरिकेचा रॉबिन चालतो अन् आपला न्हाय? पक्ष्यांनाबी जात पडताळणी लागती व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. अप्पा हसले नाहीत.

*

गेल्या थंडीतला रविवार. चहा आला, आणि मागोमाग दारात बसू! सुट्टी होती म्हणून मोटरसायकल काढून तडक आलेला, अंगावर सगळी धूळ. त्यानं खिशातून फोटो काढला. कारखान्याच्या कॉलनीत, आंब्याखाली, गळक्या नळाजवळच्या ओल्या पाल्यात एक पक्षी. पाठ निळसर राखाडी, डोकं आणि पोट नारिंगी.

अप्पा सरांच्या तोंडाकडं बघत राहिले, दहावीचा निकाल लागायचा असल्यागत.

सरांनी माझ्याकडून भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघितलं.

"कस्तूर! नारिंगी डोक्याचा. आणि गालावर काळे पट्टे नाहीत, म्हणजे हा हिमालयाकडून थंडीपुरता आलेला."

"हिमालयातनं? श्रीपूरला?" अप्पांचे डोळेच भरून आले. "लावा, लावा! मदोमद लावा!"

मी स्वीडनला सरकवून जागा केली. अप्पा कुणाचं न ऐकता स्वतः खुर्चीवर चढले. सर खाली खुर्ची धरून, "डावीकडं जरा वर घ्या, अप्पा," करत होते.

नसीमबाजींनी फोटोकडं अजून बघितलंच नव्हतं. त्या बसूच्या पाठीवरची धूळ झटकत होत्या.

"अजी अप्पा," त्या म्हणाल्या, "फोटो तो मेरा बेटा बी भेजता. तुमारा तो खुद लेको आया!"