काकीजीचा तोल

अगं, उंबऱ्यात काय उभी राह्यलीस पाव्हण्यासारखी? ये, जवळ बस, आणि उसासे टाकू नको, लांबण लावत न्हाई मी. एका पायावर उभं राहून अख्खा संसार चालवणारी बाई आमच्या शहागडात एकच झाली, शेजारची मारवाडी काकीजी.

पोलीस ॲक्शननंतरची वर्षं ती. काकीजी उठली की तिचे गुडघे आमच्या घरात ऐकू यायचे. हकीमसाहेब म्हणाले, "अम्मा, गुडघ्याला किती तेल पाजणार? पायाला तोल शिकवा. काहीतरी धरून रोज एका पायावर उभ्या राहा." झालं! काकीजी एका पायावर गहू पाखडी, एका पायावर सुनेला रागावे, आणि भाव करताना भाजीवालीचाच खांदा धरी.

"काकीजी, हात काढा की, टोपली पडंल!"

"आधी भाव कमी कर, मंग काढते."

एकदा मळ्यातल्या बाया बाजाराला आल्त्या. ओट्यावर डोळे मिटून, एक पाय उचलून उभी काकीजी पाहिली, त्यांना वाटलं बाईनं कडक व्रत धरलंय. एकीनं पुढ्यात नारळ ठेवला, दुसरीनं पोराचं डोकं टेकवलं. काकीजीनं बिलकुल न हलता पोराला आशीर्वाद दिला आणि संध्याकाळी नारळाची बर्फी आमच्याकडं धाडली. "काय सांगू त्यांना, देव न्हाई, गुडघा प्रसन्न करून राह्यले म्हणून?"

मी तवा परकरी पोर, पण खरं कारण मला ठाऊक होतं. चैत्रात त्यांची मातीची गणगौर डोक्यावर घेऊन गोदावरीत बोळवायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. आदल्या साली काकीजी घाटावर लडखडली, गौर पडता पडता वाचली. लेकानं सांगून टाकलं, "माँ, आता सून नेईल." तवापासून दुपारी ती परसात डोक्यावर भरला तांब्या घेऊन उभी राहायची, अन् मला म्हणायची, "हात लावू नको, नुसती जवळ थांब."

चैत्र आला. तिनं गौर उचलली ती कुणाला दिलीच न्हाई. घाटावर गाणाऱ्या बाया बाजूला सरल्या. लेक मागं हात पसरून, मी बाजूला. काकीजी एक पाय टेकवी, थांबे, मंग दुसरा. पाण्यात गौर सोडली, वळून पायऱ्यांकडं पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, "बेटा, मी उतरायचंच शिकले गं. चढायचं राहूनच गेलं."

हसत हसत तिनं माझा हात धरला. वर येईस्तोवर सोडला न्हाई.

आता माझेही गुडघे वाजून राह्यलेत. सकाळी मीही एक पाय उचलते, पण नुसतं जवळ थांबायला कोणी नसतं बघ. म्हणून म्हणते, आज जाशील ती जा, पण जल्दी ये.