बंदराचा नियम

बायकोला सांगितलं नाही, बाजीरावला नाही, आणि जमीरला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या मलकापुरात माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोरून गेलात तरी हाच तो माणूस, हे तुम्हाला कळायचं नाही. म्हणून जीभ जरा सैल सोडतो. पण बघा की, तरी सुरुवात होत नाही.

आधी खेळाचंच सांगतो. ते सोपं आहे.

आम्ही तिघं शाळेपासूनचे. बाजीराव फौजेतून हवालदार होऊन आला, आता ऊस बघतो. जमीरचा फर्निचरचा कारखाना. रविवारी तो बंद असतो, मग दुपारी दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूड टाकायचं, भुसा फुंकायचा आणि पट मांडायचा. कैक वर्षं बुद्धिबळच होतं. हरला तो उठणार, तिसरा बसणार. मी क्वचित उठायचो. शाळेत असताना सांगलीला स्पर्धेला गेलो होतो ना मी! तिसरा आलो म्हणून गावभर सांगितलं होतं. दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलो होतो. घ्या, एक गोष्ट तर बाहेर आली. पण ती ही नव्हे.

मग बाजीरावच्या पोरानं पुण्याहून एक खोका आणला. नवा खेळ. एक बेट असतं, त्यावर वाटा काढायच्या, वस्त्या वसवायच्या. लाकूड, विटा, धान्य, लोकर अशी पत्त्यांवर मिळकत असते, ती साठवायची, एकमेकांत बदलायची. बेटाच्या कडेला बंदरं असतात. लाकडाच्या बंदरावर वस्ती केली की आपल्याकडची दोन लाकडं देऊन हवं ते एक घेता येतं. नियमांचं पुस्तक सगळं इंग्रजीत. बाजीराव म्हणाला, "तू वाच रं. तू पुण्यात कंपनीत हुतास." मी वाचलं. मी मराठीत सांगेन तो नियम. कुणी उलटून विचारायचं नाही. खरं सांगू? जिंकण्यापेक्षा मला तेच जास्त आवडायचं.

आणि जमीर जिंकायला लागला.

एकदा नव्हे, ओळीनं पाच रविवार. गडी सरळ लाकडाच्या बंदरावर जाऊन बसायचा. लाकूड गोळा करायचा, आणि एकाच पाळीत बंदरावर तीन-तीन, चार-चार अदलाबदली करून डाव उरकायचा. आम्ही बघत राहायचो. बाजीराव मांडीवर थाप मारून हसायचा, "सुताराला लाकूडच पावणार की गड्या!" जमीरही हसायचा. त्याला जिंकल्याचं काही विशेष वाटायचंच नाही, आणि माझा तिळपापड त्यानंच व्हायचा. आधी कधी जिंकायचो तेव्हा मी आठवडाभर फुगलेला असायचो. हा बाबा सोंगट्या भरून ठेवायचा आणि रंध्याला धार लावायला लागायचा.

एकट्या जिंकण्याचं असतं तर काय! त्याची बायको, रेश्माभाभी, चहा घेऊन यायच्या आणि त्याच्या पाठीमागं उभ्या राहून डाव बघायच्या. तो जिंकला की म्हणायच्या, "आज भजी." एवढंच. पण त्यांना कळायचं तो कसा जिंकला ते. माझी बायको विचारते, आलात का, जेवणार का. मी पहिला आलो की शेवटचा आलो, तिला काय त्याचं? मी जमीरच्या डावावर जळत होतो की त्या भज्यांवर, हे मला तेव्हाही कळलं नाही. जळत होतो मात्र लय.

सहाव्या रविवारी मी पुस्तक उघडलं. बंदराच्या पानावरून बोट फिरवलं. म्हणालो, "अरे, आपण चुकत होतो राव. बंदरावर एका पाळीत एकदाच बदलायचं." पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, हवं तितक्या वेळा. माझं बोट त्याच ओळीवर होतं.

जमीर म्हणाला, "मग मी उगंच जिंकलो की रं इतकं दिवस! सॉरी हं." सॉरी म्हणाला तो. मला! मोबाईल तिघांच्याही खिशात होता, कुणीही बघू शकलं असतं. पण कशाला बघतील? मी होतो ना वाचणारा.

त्या दिवशी मी जिंकलो. घरी जाताना शीळ घालत गेलो, आठवतंय मला.

इथवरचं कदाचित मी हसत हसत कधीतरी सांगूनही टाकलं असतं. मित्रांत काय, चालतं. शिव्या खाल्ल्या असत्या, चहा पाजला असता. पण हे इथं थांबलं नाही.

रेश्माभाभी दहावीनंतर लग्न होऊन आलेल्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी पुन्हा अभ्यास धरला. बाहेरून बारावी काढली आणि बी.ए.ला बसल्या. बाकीचे विषय निघाले, इंग्रजीची भीती. एका रविवारी डाव संपल्यावर लाजत लाजत म्हणाल्या, "दादा, ते पुस्तक नेऊ का आठवडाभर? वाचायची सवय हुईल." बंदराची ओळ त्यातच होती. पण नाही कसं म्हणायचं? म्हटलं, न्या की.

पुढच्या रविवारी चहा ठेवला आणि त्यांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी लिहिलेलं. आठ पानं, सगळी. बंदराच्या ओळीखाली रेघ. "दादा, हितं 'पाहिजे तितक्या वेळा' असं हाय वाटतं. माझं चुकतंय का बघा बरं."

काय करायला हवं होतं? "हो भाभी, माझीच चूक झाली," एवढंच ना? कोण फासावर देणार होतं मला? पण समोर जमीर बसला होता, हातात लाकडाचे सात पत्ते धरून. आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणालो, "भाभी, शब्दाला शब्द लावून इंग्रजी येत नसतं. परीक्षेत असलं काही लिहू नका, मास्तर कपाळाला हात लावतील."

बाजीराव हसला. जमीरही हसला. वाईट नव्हता हसला तो, माझ्यावर विश्वास होता म्हणून हसला. भाभींनी पुस्तक मिटलं. "व्हय? मग माझंच चुकलं असंल," म्हणाल्या आणि अर्धे भरलेले कप उचलून आत गेल्या. मी तो डावही जिंकलो.

पुस्तक मी त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणलं. विचारलं तेव्हा म्हणालो, रिक्षात राहिलं असेल. खोटं. दुकानातल्या कपाटात, कागदाच्या रिमांच्या मागं आहे.

दोन-तीन महिन्यांनी जमीर दुकानात आला होता, सहज. म्हणाला, "अरे, ती इंग्रजीचा फॉर्मच भरंना. म्हणती मला न्हाई जमायचं, लोक हसत्यात. तू जरा समजाव की. तुझं ऐकंल." लोक म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. की होतं? त्याचा चेहरा तसा काही दिसला नाही. मी मशीनमध्ये कागद भरत होतो. म्हणालो, "राहू दे रं. जबरदस्ती नको करू." असं म्हणालो मी. वर आणखी म्हणालो, "घर-संसार सांभाळून किती करणार बिचाऱ्या."

बी.ए. राहिलं ते राहिलंच. मुलीच्या शाळेत बालवाडीला बाई हव्या होत्या, मुख्याध्यापिका भाभींना घ्यायला तयार होत्या, पदवी झाली की या म्हणाल्या होत्या. हेही जमीरनंच नंतर सांगितलं. तिथं आता दुसऱ्या कोणी बाई आहेत.

आम्ही अजून खेळतो. माझ्याच नियमानं. भाभी चहा आणतात, ठेवतात आणि जातात. मागं उभ्या राहत नाहीत. जमीर कधीमधी जिंकतो, पण भजी होत नाहीत. मला हेच हवं होतं ना? मग झालं की मनासारखं.

मुलीच्या शाळेच्या सूचना मोबाईलवर येतात, इंग्रजीत. जमीर कामावर असला की भाभी मोबाईल घेऊन माझ्या दुकानात येतात. "दादा, जरा बघता का? मला मेलीला काय कळत न्हाई." मी वाचून दाखवतो.

गेल्या मंगळवारी आल्या. मोबाईल पुढं करायच्या आधी, खाली बघत, हळूच म्हणाल्या, "शनिवारी शाळा सकाळची हाय, आन् डबा नको, असं असंल का हो?" मी मोबाईल घेतला. शनिवारी शाळा सकाळची, डबा देऊ नये. अगदी तेच. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून पुन्हा सावकाश वाचलं आणि सांगितलं, "शनिवारी सकाळची शाळा. डबा द्यायचा नाही."

"बरं झालं दादा, तुमी हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

"भाभी, तुम्ही बरोबर वाचलंत," एवढं मी म्हणालो नाही.