शेळ्या बिचकल्या की रेस बंद

किस्से हे स्क्रूच्या डब्यासारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाय. एक पाहिजे म्हणून हात घालावा, तर दुसरेच धा टोचतात. आमच्या रिमोटच्या गाड्यांचा डबा तर आता झाकण लागंना इतका भरलाय.

मी जन्मभर मुकुंदवाडीत रिक्षांची वायरिंग केली. शाळा चौथीत सुटली. तिचं अन् माझं पटलं नाय. आता म्हातारपणी हातभर लांबीच्या रेसच्या गाड्यांत मोटर, बॅटरी, रिसीव्हर बसवतो. संगतीला तिघं. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले सादिकभाई, शाळेत शिकवणाऱ्या प्रज्ञा मॅडम, अन् कंपनीत कामाला जाणारा धोंडिबा.

शेंद्र्याला धोंडिबाचं पडीक रान हाय. तिथं जुने टायर मांडून ट्रॅक केलाय, दर रविवारी गाड्या पळवतो. बाकी सगळीकडून आम्हाला हाकलून झालंय. पण रानावर हुकूम चालतो त्याच्या बायकोचा, केशरबाईचा. तिच्या शेळ्या तिथंच चरतात. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "शेळ्या बिचकल्या की तुमचा खेळ बंद. मी दोनदा सांगत नसते."

*

मोटरला करंट किती द्यायचा ते ठरवणारी एक डबी असते, स्पीड कंट्रोलर. ती लई तापते. वारा लागंल अशी उघडी बसवायची असते, हे शेंबड्या पोराला कळंल.

सादिकभाईंना ती उघडी बघवली नाय. धूळ जाईल म्हणून त्यांनी तिला पिशवी शिवली. ती पण भारीतल्या हिमरू कापडाची, आतून मऊ अस्तर लावून! नवरदेवाच्या शेरवानीला शोभंल असं काम.

दोन चकरा झाल्या अन् गाडीतून धूर. मी पळत जाऊन बॅटरी उपटली, तोंडाला येईल ते बोललो. सादिकभाई गाडीकडं बघंनात. पिशवी बोटांत चोळून म्हणाले, "काका, कपडा एकदम असली होता. देखो, सिर्फ कडा जळलीय."

*

रिसीव्हर म्हणजे गाडीचा कान. त्याची अँटेना वायर नळीत घालून वर उभी काढायची असते. प्रज्ञा मॅडमना लोंबतं काही चालत नाय. त्यांनी ती वायर गोल गुंडाळली, दोऱ्यानं बांधली अन् मोटरजवळ दाबून टाकली. दिसायला झ्याक.

गाडी जवळ होती तवर शहाण्यासारखी चालली. लांब कोपऱ्यात गेली अन् ऐकंना. मॅडम रिमोट दाबून दाबून घामाघूम.

मी म्हटलं, "कान बांधल्यावर ऐकंल कसं?"

"काका, माझ्या वर्गात कान उघडे असलेली पोरंसुद्धा शेवटच्या बाकावर गेली की ऐकत नाहीत," मॅडम म्हणाल्या, अन् गाडी आणायला चालू लागल्या.

*

धोंडिबानं नवी गाडी घेतली. मी दोन दिवस बसून वायरिंग केली, एकेक वायर पट्टीनं आवळली. घरी नेल्यावर पठ्ठ्यानं तिची पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, वर हळदीकुंकू लावलं. इथवर ठीक. मग नारळ फोडला, अन् पाणी गाडीवर शिंपडलं. झाकण उघडं होतं!

रविवारी गाडी सुरू केली. रिमोटला हात न लावता पुढची चाकं आपोआप थडथड डावी-उजवी व्हायला लागली.

धोंडिबानं हात जोडले. "काका, हिच्या अंगात आलंय."

मॅडमनी वाकून आत बघितलं. "आलंय खरं. पाणी आलंय."

*

बंद करताना गाडी आधी, रिमोट नंतर, हा कायदा. रिमोट गेला की गाडीचा धनी गेला, मग ती कुठं बी जाती. पण सादिकभाई दुकानदार माणूस, निघताना हाताशी असंल ते बटन आधी बंद करणार. गाडी चालू असतानाच त्यांनी रिमोट बंद केला.

गाडी सरळ शेळ्यांत. शेळ्या सरळ शेजाऱ्याच्या तुरीत.

केशरबाईनं शेजाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, मग आमच्याकडं आली. "पुढच्या रविवारी या, तुमचे टायर-बियर उचला. मग हिकडं फिरकू नका."

सादिकभाई म्हणाले, "भाभी, गलती हो गई."

"तुमची झाली. शिव्या मी खाल्ल्या."

*

रविवारी आम्ही मयताला आल्यासारखे गेलो. धोंडिबा ड्युटीवर पळाला होता. ट्रॅकला लावलेले जुने टायर गोळा करत होतो, तेवढ्यात केशरबाईचा आवाज आला. शेळ्या परत तुरीकडं निघाल्या होत्या अन् हिचा पाय मुरगळलेला. काठी टेकत किती पळणार?

मॅडमनी विचारलं नाय काय नाय. गाडी खाली ठेवली अन् रिमोटनं शेळ्यांच्या पुढून अर्धा गोल फिरवली. शेळ्या थांबल्या. वळल्या.

केशरबाई बघतच राहिली. मग काठी माझ्या हातात दिली अन् मॅडमकडून रिमोट घेतला. "सरका. डावीकडची शेळी बघा कशी निसटायली."

पळवायचं बटन कोणतं, वळवायचं चाक कोणतं, एकदाच विचारलं. रिमोट तोंडाजवळ धरून त्यातच "हर्र, हर्र" करत तिनं सगळा कळप बांधापासून बाभळीखाली आणला.

बाभळीखाली आल्यावर गाडी जागीच थांबली. केशरबाईनं रिमोट हलवून बघितला.

मी म्हटलं, "बॅटरी संपली."

तिनं गाडीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. म्हणाली, "टायर परत लावा. पर हिची बॅटरी संपल्यावर तुमच्यातलं कोण शेळ्यांमागं पळणार, ते आधी ठरवा."