औषधाचं नाव नसलेली डबी

ती घटना आठवली की आजही राग येतो, आणि त्यातला पहिला राग माझा माझ्यावरच असतो. कारण ती बाई पहिल्यांदा ठाण्यात आली तेव्हा मी तिला परत पाठवलं होतं.

निलंगा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भूकंपाला दहा-अकरा वर्षं झाली होती. ती बाई पुनर्वसनात नव्यानं वसलेल्या गावची, तिथल्या बौद्ध वस्तीतली. नवरा गवंडी. तो कामावर असताना अर्ध्या अंगावरून वारं जाऊन पडला आणि चार दिवसांत सरकारी दवाखान्यात वारला. बाईचं म्हणणं होतं की त्याला औषधाच्या गोळ्यांनी मारलं. ठाणे अंमलदारानं तिला माझ्यापुढं उभं केलं. मी म्हणालो, हे वैद्यकीय प्रकरण आहे, दवाखान्यात अर्ज द्या. ती निघून गेली.

आठवड्यानं ती परत आली. या वेळी तिनं पिशवीतून प्लॅस्टिकची पांढरी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्या डबीवर औषधाचं नावच न्हाई. नुसता नंबर हाय. तुमच्या घरी असलं औषध असतंय का?"

मी डबी उचलून पाहिली. नंबर, इंग्रजीत दोन ओळी आणि परदेशातला पत्ता. मी तिला बसायला सांगितलं.

हकिगत अशी होती. लातुरातल्या एका खाजगी रुग्णालयानं वस्तीत तपासणी शिबिर घेतलं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास होता त्यांना वेगळं बसवलं. सरकारी दवाखान्याची गोळी बंद करा, परदेशातून चांगली गोळी आली आहे, ती फुकट मिळेल, असं सांगितलं. हा माणूस रोज सकाळी नेमानं सरकारी गोळी घेई. ती त्यानं बंद केली. नव्या गोळ्या सुरू झाल्यावर डोकं दुखतंय म्हणून त्यानं शिबिराच्या कंपाउंडरला दोनदा सांगितलं. कंपाउंडर म्हणाला, सुरुवातीला होतं असं, डबी संपवा.

जबाब लिहून झाला आणि मी सवयीनं शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं. तिनं ते बाजूला केलं.

"मी अंगठा देत न्हाई. मला सही येती. भूकंपानंतर टिनशेडात राहत होतो तवाच शिकले."

तिनं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. वस्ती ऐकून आणि लुगडं पाहून मी ठरवून टाकलं होतं की हिला सही येत नसणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला गेलो. रुग्णालय शिकवण्यांच्या गल्लीत होतं. माझी मुलगी त्याच गल्लीत बारावीच्या क्लासला होती. पंचांसमक्ष आम्ही संमतिपत्रांची फाइल जप्त केली. प्रत्येक संमतिपत्र इंग्रजीत, कित्येक पानांचं. मी ते माझ्या मुलीच्या जीवशास्त्राच्या सरांना दाखवलं. दरवर्षी डॉक्टरकीला मुलं पाठवणारा तो माणूस. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, मग म्हणाले, "साहेब, यात लिहिलंय की काहींना औषध मिळेल आणि काहींना नुसती पोकळ गोळी. कुणाला काय, ते कुणालाच सांगणार नाहीत. हे मलाच दुसऱ्या वाचनात कळलं."

गवंड्याच्या संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून त्याच्या बायकोचं नाव होतं आणि नावापुढं अंगठा.

तपास तिथंच फिरला. सही येणारी बाई अंगठा कशाला देईल? सगळे कागद आणि शिबिरातल्या कर्मचाऱ्यांचे ठसे आम्ही अंगुलिमुद्रा तज्ज्ञांकडे पाठवले. अहवाल आला: वेगवेगळ्या नावांपुढं एकाच माणसाचा अंगठा. तो कंपाउंडरचा होता. अहवाल समोर ठेवल्यावर त्यानं फार वेळ घेतला नाही. गोळ्या पाठवणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं कागद तपासायला येणार होती, निम्मी वस्ती कामावर गेलेली, म्हणून बसून अंगठे उमटवले, असं तो म्हणाला. मी विचारलं, जी माणसं हजर होती त्यांना तरी वाचून दाखवलं का? तो खरंच गोंधळला. "त्यांनी विचारलंच नाही साहेब. भूकंपापासून त्यांना सवय आहे. कागद पुढं केला की देतात अंगठा."

त्याचं हे बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पत्र्यासाठी, घरासाठी, पाहणीला येणाऱ्या प्रत्येक पथकासाठी या लोकांनी अंगठे दिले होते. संकटात लागलेली सवय या मंडळींनी हेरली होती.

शिबिर घेणारे डॉक्टर मात्र शांत होते. शिकलेल्या घरातला, माझ्यासारखाच माणूस. चहा मागवा म्हणाले. संशोधनानं पुढं लाखोंचं भलं होतं, हे मला समजावून सांगू लागले. जप्त फाइलीत कंपनीला पाठवलेलं त्यांचंच पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की इथले लोक सूचना पाळतात, प्रश्न विचारत नाहीत आणि मधेच सोडून जात नाहीत. ते पत्र मी त्यांच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कुणाला रक्तदाब आहे?"

"आईला आहे."

"त्यांना यातली डबी दिलीत?"

ते अगदी सरळपणे म्हणाले, "आईला कशी देणार? त्याचा परिणाम काय होतो ते अजून माहीत नाही ना."

लेखनिकाची लेखणी थांबली. मी त्याला म्हटलं, हे जसंच्या तसं लिही.

गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. पण बाई ठाण्यात येण्याआधीच अंत्यसंस्कार झाले होते, शवविच्छेदन झालेलं नव्हतं. ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा मी नुसतं ऐकून घेऊन लिहिलं असतं, तर शिबिरातले इतर रुग्ण तरी आठवडाभर आधी सावध झाले असते. मृत्यूचा गोळ्यांशी संबंध सिद्ध होत नाही, असं वैद्यकीय मंडळानं कळवलं. कंपाउंडरला खोट्या कागदांसाठी शिक्षा झाली. डॉक्टर सुटले. परदेशी कंपनीनं वकिलामार्फत कळवलं की स्थानिक जबाबदारी स्थानिक डॉक्टरांची होती. तिथल्या एकाही माणसाला मी समोर बसवू शकलो नाही.

कुठल्या नंबरच्या डबीत काय होतं, ते कंपनीकडे सीलबंद होतं. खटल्यात न्यायालयानं ते मागवलं तेव्हा उत्तर आलं. गवंड्याच्या डबीत औषधच नव्हतं. पोकळ गोळ्या होत्या.

हे सांगायला मी स्वतः वस्तीत गेलो. बाई अंगणात तूर पाखडत होती. मी सांगितलं. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "म्हंजे त्यांची चालू गोळी काढून घेतली, अन् बदल्यात काहीच दिलं न्हाई. कशासाठी?"

मी म्हणालो, फरक बघायला.

"त्यांच्याकडं माणसं न्हाईत का, फरक बघायला?"

माणसं सगळीकडं आहेत. पण कुणाच्या अंगावर आधी बघायचं, हे ठरवणाऱ्यांनी आमच्या जिल्ह्यातली नेमकी ही वस्ती निवडली होती, आणि ती निवडताना त्यांना माझ्यासारख्या ठाणेदारांची मुळीच भीती वाटली नव्हती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते सांगायला आजही लाज वाटते. आम्ही घेतो त्या प्रत्येक जबाबाखाली एक ठरावीक ओळ असते: माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. मी कित्येक वर्षं ती ओळ लिहवून घेतली आणि खाली अंगठे घेतले. दर वेळी वाचून दाखवलं होतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.