गिरणीवालीचं नाव

माझी मोठी बहीण, आमची अक्का, लग्नाआधी भडगावच्या शाळेत आणि नंतर कॉलेजात नाटकं करायची. लग्न होऊन ती जळगावला गेली आणि ते सगळं थांबलं. कोणी बंद कर म्हणालं नव्हतं, पण पुन्हा कर असंही कोणी म्हणालं नाही. मुलगी मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली, तेव्हा जळगावच्या एका हौशी नाट्यसंस्थेत अक्का परत जायला लागली. वर्षभरानं तिला मुख्य भूमिका मिळाली. अहिराणीतलं नाटक होतं. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवणारी एक बाई, आणि ती गिरणी आपल्या नावावर करायला टपलेले तिचे दीर.

मी धुळ्याला देवपुरात राहते आणि डिझाईनची कामं करते. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, शाळांचे अहवाल. नाटकाची माहितीपत्रिका मी कधी केली नव्हती. अक्कानं दिग्दर्शक सरांना सांगितलं, "माझी बहीण करेल." फोनवर तिचा आवाज इतका तरणा लागत होता की मी हातातली कामं बाजूला सारली.

तालमीला जाऊन मी फोटो काढले. दुपारचं ऊन खिडकीतून थेट अक्काच्या तोंडावर पडलं होतं. केसांत, भुवयांवर पीठ. दिराकडे बघत ती म्हणत होती, "दळन बठ्ठास्नं, पन गिरणी मनी शे." दळण सगळ्यांचं, पण गिरणी माझी. तिच्या डोळ्यांत असं काही होतं, जे मी घरी कधी पाहिलं नव्हतं. तोच फोटो मुखपृष्ठावर घेतला. आत डाव्या पानावर नाटकाविषयी चार ओळी, उजव्या पानावर श्रेयनामावली, मागच्या पानावर जाहिरात. श्रेयनामावलीत सगळ्यात वर 'गिरणीवाली' आणि पुढे अक्काचं नाव. पीडीएफ पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी जिजाजींचा फोन आला. ते सावद्याचे, घरचा केळीचा व्यापार. माणूस मोठ्यानं बोलत नाही, मला कायम ताई म्हणतो.

"ताई, पत्रिका फार सुंदर झालीये. एक विनंती होती. तिचा फोटो आणि नाव तेवढं नको."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"मी नाटकाला कुठे नाही म्हटलंय? खुशाल करू दे. पण छापलेलं गावभर फिरतं. आईला नाही चालायचं. जुनं माणूस आहे. आणि मुलीचं जमवायचंय आता."

"मग माहेरचं नाव टाकू?"

"ते तर आणखी वाईट दिसेल. लोक म्हणतील, नवऱ्याचं नाव सोडलं."

मी सरांना फोन केला. वाटलं, हा माणूस तरी भांडेल. सर बँकेतून निवृत्त झालेले, स्टेजवर सगळ्यांना दरडावणारे. ते म्हणाले, "मागच्या पानावरची जाहिरात त्यांचीच आहे ना, नाटकाला पैसे त्यांचेच. आपल्याला धुळ्यालाही प्रयोग करायचाय." मग, काही सुचल्यासारखं, "तू असं कर, चेहरा काप. हात ठेव. चेहरा नसला की चित्र जास्त बोलतं."

मी अक्काला फोन लावला. ती भाजी निवडत असावी, मागे टीव्ही चालू होता.

"सर म्हणतात, चेहरा काप, हात ठेव. मी हे करणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

"दुसऱ्या कोणी केलं तर माझा हातही ठेवणार नाही," ती म्हणाली. "तू कर. मला काम करू दे गं. नाव काय चाटायचंय?"

मग मीच केलं. मुखपृष्ठावर पिठानं पांढरा झालेला हात राहिला. श्रेयनामावलीत 'गिरणीवाली' पुढे सरांनी सांगितलेले शब्द टाकले, 'एक हौशी कलावंत'. मागच्या पानावर जिजाजींच्या पेढीची जाहिरात, त्यात त्यांचा हात जोडलेला फोटो. तो मोठा करा, असं त्यांच्याच ऑफिसातून कळवण्यात आलं.

जळगावचा प्रयोग रविवारी दुपारी होता. अक्कानं त्या दिवशी जे केलं त्याचं वर्णन मला जमणार नाही. एवढंच सांगते, मध्यंतरात माझ्या शेजारची बाई पत्रिका उलटसुलट करत विचारत होती, "ही बाई कोण हो? नावच नाही." मी सांगितलं, "माझी बहीण." तिनं पुन्हा पत्रिकेत पाहिलं. जणू मी खोटं बोलत होते.

नाटक संपल्यावर सरांनी पुरस्कर्ते म्हणून जिजाजींना स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. जिजाजी दोन शब्द बोललेही. कलेला घराघरांतून प्रोत्साहन मिळालं पाहिजे, असं म्हणाले. अक्का स्टेजवरच, कलाकारांच्या मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. टाळ्यांबरोबर तिच्या हातावरचं पीठ उडत होतं.

पेपरात बातमी आली. गिरणीवालीच्या कामाची तोंडभर स्तुती होती आणि नाव होतं नाटकात गिरणीवालीच्या सुनेचं काम करणाऱ्या मुलीचं. बातमीदारानं पत्रिका समोर ठेवून लिहिलं असणार, बायकांमध्ये पहिलं नाव तिचंच होतं. ती बिचारी मुलगी रडत अक्काच्या घरी आली. अक्कानं तिला चहा करून दिला आणि वर म्हणाली, "अगं, छान लिहिलंय की."

पुढच्या महिन्यात सावद्याला जिजाजींच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. मीही गेले होते. वांगी भाजल्याचा धूर सगळीकडे होता. अक्काच्या सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. मला जवळ बोलावून विचारलं, "सूनबाई नाटकात व्हती म्हने?"

मी जिजाजींकडे पाहिलं. ते पुरीचं ताट घेऊन उभे होते.

"मले कोनी सांगतलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी आली असती ना पाहाले."

"आई, तुला जागरण झेपलं नसतं," जिजाजी म्हणाले.

"नाटक दुपारचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी ताट पुढच्या पंगतीकडे नेलं. अक्का केळीच्या पानावर भरीत वाढत होती. तिनं ऐकलं होतं, कारण तिचा डाव क्षणभर हवेतच थांबला. मग तिनं पुढच्या पानावर वाढलं.

मला वाटलं, आता तरी काही बदलेल. बदललं, पण भलतंच. आता आईचं नाव पुढे करायची सोय उरली नव्हती, म्हणून जिजाजींनी सरळच सांगितलं, "एकदा झालं ना? हौस फिटली. धुळ्याला नको." सरांनी सुनेचं काम करणारी मुलगी गिरणीवालीसाठी उभी केली. मला फोन केला, "एकच ओळ बदलायची आहे, पाच मिनिटांचं काम. आता नाव टाकता येईल." मी नाही म्हटलं. त्यांनी जळगावातच कोणाकडून तरी करून घेतलं. मुखपृष्ठावरचा हात तसाच ठेवला. कोणाचा आहे, हे विचारणार कोण होतं!

धुळ्याच्या प्रयोगाला अक्का आली. नवऱ्याला माझ्याकडे राहायला जाते म्हणून सांगितलं. आम्ही मागच्या बाजूला बसलो. अंधारात तिचे ओठ हलत होते. गिरणीवालीचं प्रत्येक वाक्य, मग दिरांचीही, मग सुनेचीसुद्धा. ती मुलगी वाईट नव्हती. लोक हसले, रडलेही. अक्का मात्र जिथे लोक हसायला हवे होते तिथे एक श्वास आधी थांबायची, आणि ते हसले नाहीत की मान खाली घालायची.

परतताना पांझरेच्या पुलावर मी रिक्षा थांबवली. मला राग आवरत नव्हता. "तू एकदाही का भांडली नाहीस?"

"भांडले होते," अक्का म्हणाली. "तू पहिली पत्रिका पाठवलीस ना, त्या दिवशी. तुला सांगितलं नाही. मी ह्यांना म्हटलं, नाव राहू दे, वाटलं तर तुमची जाहिरात काढून घ्या. ते म्हणाले, जाहिरात काढून घेतली तर नाटकच होणार नाही. मग मी नाटक घेतलं."

रिक्षावाला आरशातून बघत होता. अक्का त्याला म्हणाली, "चला भाऊ, हिला उगाच थंडी लागेल."