वडिलांची रायफल आणि झेंडूचा हार

वडील गेले आणि त्यांची रायफल आमची राहिली नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही, हे मला पोलीस ठाण्यात कळलं. भाऊ म्हणत होता, "राहू दे भिंतीवर, कोण बघतंय?" मी त्याला झापलं आणि रायफल ठाण्यात जमा केली. आता वारस म्हणून माझा अर्ज नाशिकला कलेक्टर ऑफिसात आहे. मृत्यूचा दाखला दिला, आईची आणि भावाची संमती दिली, बंदूक हाताळायचं प्रशिक्षणही घेतलं. पोलिसांची चौकशी अजून चालूच आहे.

तेवढ्यात दसरा आला. दरवर्षी वडील रायफल पाटावर ठेवायचे आणि हार मी घालायचे. म्हणून आमच्याच मळ्यातल्या झेंडूचा हार करून मी ठाण्यात गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण हवालदारांनी मुकाट्याने आतली खोली उघडली.

"लायसन होत नाही तोवर हात लावायचा नाही, ताई. फूल समोर ठेवा."

मी दारातच थबकले. भिंतीला टेकून बंदुकाच बंदुका उभ्या होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव.

"ही सगळी माणसं?" मी विचारलं.

"गेलेली. वारस येतील तेव्हा येतील."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या घरांतले बाप एका खोलीत उभे होते आणि माझ्या हातात एकच हार होता. मी चपला बाहेर काढल्या, हाराचा दोरा तोडला आणि पहिलं फूल एका अनोळखी नावापुढे ठेवलं.