आवाज ठेवून चालणारी

तिला ‘जरा हळू बोला’ असं सांगणारी मी आमच्या पंचक्रोशीतली पहिली आणि शेवटची मूर्ख.

तुम्ही तिला पाहिलं असतं, म्हणजे ऐकलं असतं, तर तुम्हालाही तसं सांगावंसं वाटलं असतं, एवढंच माझं म्हणणं. शाळेच्या फाटकात शिरण्याआधी ती खाकरायची. पायऱ्या चढताना चपला आपटायची. वर्गाच्या दाराशी आली की आत कोण आहे हे न बघताच ओरडायची, “आले बरं का, मीच हाय!” या ‘मीच हाय’पायी एकदा मुख्याध्यापकांचा चहा त्यांच्या सदऱ्यावर गेला होता. वाटेत सोबतीला कोणी नसलं तर ती डोक्यावरच्या झेंडूच्या पाटीशी बोलत यायची. आणि निरोप घेताना इतर बायांसारखं ‘येते’ म्हणायची नाही. म्हणायची, “आवाज ठेवा, बाई.”

आमची शाळा एकलहऱ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. शाळेमागे ऊस, उसापलीकडे नदीकाठचे मळे. त्यातल्या एका मळ्यात तिचं कुटुंब झेंडू, शेवंती आणि भाजी पिकवायचं आणि नाशिकरोडच्या बाजारात विकायचं. तिची एकुलती मुलगी आमच्याकडे सहावीत होती. मी शहरातून रिक्षाने यायचे आणि दिवसाउजेडी परत जायचे. उसात बिबट्या असतो हे मला पेपर वाचून ठाऊक होतं. तिला ते अंगणातला कुत्रा गेल्यावर कळलं होतं.

दिवस कलला की ती त्याचं नावही घ्यायची नाही. नवऱ्याला ‘ते’ म्हणायची आणि बिबट्याला ‘तो’. मळ्यांतली रीतच ती, की माणूस येतोय हे त्याला लांबूनच कळलं पाहिजे, म्हणजे तो बाजूला होतो. अचानक समोर आलात तर तोही बिथरतो. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मला वाटायचं, काय ही अडाणी बाई, घसा आहे की भोंगा!

तर त्या वर्षी शाळेत वाचनालयाची खोली बांधायचं ठरलं आणि निधी जमवायचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं, मीच ओढून घेतलं. पुण्याला माझ्या बहिणीच्या मुलांच्या शाळेत एक टूम निघाली होती, ती उचलली. मुलांनी आणि पालकांनी पुस्तकं वाचायची. नातेवाईक, शेजारी, दुकानदार यांनी वाचलेल्या पानामागे रुपया द्यायचा. शेवटी एका शनिवारी सगळ्यांनी शाळेत एकत्र बसून वाचायचं, मग प्रमुख पाहुणे, बक्षीस, चहा. इथवर सगळं बरं होतं. पण मी नुकतीच कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि माझ्या डोक्यात मूकवाचन भरलं होतं. मी नियम काढला, मनात वाचलेलं पानच धरायचं. ओठ हलले की पान बाद. गळ्यात चष्म्याची साखळी, हातात पट्टी आणि तोंडात नियम! ती तेव्हाची मी आज कुठे भेटले तर मी तिला चांगला चिमटा काढीन.

ती आली ती नेहमीसारखी खाकरत.

“बाई, मनात कसं वाचायचं? माझ्या कानाला ऐकू आलं तरच मला कळतं.”

“सवयीनं जमेल.”

“माझं जाऊ द्या. पोरगी घरभर मुकी फिरती. वाटंनं बी पुस्तकात डोकं. परवा उसाच्या कडंनं येत होती, मी हाक मारली तर ओ नाय दिली. काळीज हाललं माझं.”

“चांगलंच आहे की. वाचनात रमली म्हणायची.”

“रमू दे ना. घरात रमू दे, शाळेत रमू दे. उसाच्या कडंला नाय रमायचं.” मग ती माझ्या टेबलाशी वाकली. “तोड सुरू झालीय, बाई. त्याची बसायची जागा गेली. तो आता कुठंबी निघंल. तुमचा कार्यक्रम सकाळचा ठेवा ना.”

मी म्हटलं, “पाहुण्यांना सकाळी वेळ नाही. आणि दिवस मावळायच्या आत संपवू आपण.” वर ते अमर वाक्य बोलले, “आणि जरा हळू बोला. मुलं वाचताहेत.”

शनिवारी प्रमुख पाहुणे उशिरा आले, हे तुम्ही ओळखलंच असेल. थंडीचे दिवस, ऊन लवकर उतरलेलं. सभागृहात सतरंज्यांवर मायबाप आणि मुलं पुस्तकं उघडून बसली होती. ती शेवटच्या रांगेत, शब्दाखाली बोट धरून पुटपुटत वाचत होती. मी सगळ्यांच्या देखत तिच्यापर्यंत गेले आणि ओठांवर बोट ठेवलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि पुस्तक घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, समजूतदार आहे.

काही वेळाने तिच्या मुलीने मान वर केली असणार आणि आईची जागा रिकामी दिसली असणार. आम्हाला कोणालाच ते दिसलं नाही. सगळे माझ्या नियमाप्रमाणे खाली माना घालून बसले होते. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत एक मूल उठून गेलं आणि कुणाला कळलं नाही.

बक्षिसासाठी मी पहिलं नाव पुकारलं ते त्या मुलीचंच. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. तेव्हा पाण्याच्या टाकीमागून तिची आई धावत आली. ती तिथे एकटी बसून मोठ्याने वाचत होती.

“कुठंय ती?”

फाटकावरचे शिपाईमामा म्हणाले, “तुम्हालाच शोधत मळ्याच्या वाटंला लागली की. मी म्हणलं थांब, पण पुस्तकात डोकं, ऐकलंच नाही.”

ती ओरडली नाही. मी तिला गप्प झालेली पहिल्यांदाच पाहत होते. मग ती पळत सुटली आणि तिच्यामागे आम्ही सगळे, हातातली पुस्तकं हातातच.

उसाच्या कडेला आलो आणि पाय थांबले. संधिप्रकाश होता, वाट दिसत होती, वाटेवर कोणी नव्हतं. सायकल गेली तरी भुंकणारी मळ्यातली कुत्री भुंकत नव्हती. वारा नव्हता आणि तरी आत कुठेतरी पाचोळा वाजला. एवढी माणसं, पण प्रत्येकजण दुसऱ्याच्या मागे सरकायला बघत होता. मी मनात एकच म्हणत होते, सहावीतलं पोर, सहावीतलं पोर.

“गप काय उभे ऱ्हायलात?” ती वळून कडाडली. “आवाज करा! पुस्तकं हायेत ना हातात? वाचा!”

आणि लोक वाचायला लागले. वीज केंद्रात नोकरी करणारे एक पालक मोबाईलच्या उजेडात ग्रहांची माहिती वाचू लागले. कोणी राजाराणीची गोष्ट, कोणी कोबीवरच्या किडीचे उपाय, पहिलीतली पोरं बाराखडी. पन्नास गोष्टी एकात एक मिसळत उसाच्या कडेने पुढे सरकत होत्या. माझ्या हातात पुस्तक नव्हतं, आभाराचा कागद होता. तोच मी वाचला. “प्रमुख पाहुण्यांनी आपला बहुमोल वेळ खर्च करून,” असं मी कापऱ्या आवाजात, उसात जो कोणी बसला होता त्याला ऐकवत होते.

वळणापलीकडे मोटारीची खोली होती, शेतातल्या पंपाची, पत्र्याच्या दाराची. तिथे पोहोचलो तेव्हा ती हात वर करून म्हणाली, “थांबा.” सगळे थांबले. पत्र्याआडून अगदी बारीक आवाज येत होता. मुलगी वाचत होती. आईसारखीच, एकेक शब्द तोडून, मोठ्याने वाचायचा प्रयत्न करत.

ती बाहेर आली तेव्हा आईने आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला अशी काही आवळली की पोरीला श्वास घेता येईना. “कुत्री एकदम गप झाली,” पोरगी हुंदके देत म्हणाली, “म्हणून मी आत घुसले. आवाजच निघंना माझा. तुमचा ऐकला तवा निघाला.”

शिपाईमामांनी बॅटरी खाली धरली. दारासमोर पाटाचा चिखल होता. चिखलात तिच्या छोट्या चपलेचा ठसा होता आणि त्या ठशावर, अर्ध्यात, दुसरा एक ठसा. गोल. बोटांचा.

वाचनालयाची खोली झाली. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी कधी लागली नाही, मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही. ऊस गेला, मळे गेले, तिथे आता रो-हाऊस आहेत. ती फुलांच्या दोन पाट्या आणि एक म्हैस घेऊन सिन्नरकडे दिराच्या शेतावर गेली, एवढंच कळलं. मी मात्र अजून घरातल्या घरात खाकरत फिरते. सून म्हणते, “आई, कळलं हो आम्हाला, तुम्ही येताय.” नातवंडांना ही गोष्ट सांगताना मी स्वतःचं काम फार धीराचं करून सांगते. तुम्हाला खरं सांगितलं. आणि राहिलेलंही सांगते.

त्या संध्याकाळी मायलेकी शाळेजवळ नणंदेकडे राहणार होत्या. आम्ही अरुंद बांधावरून एकामागे एक परत निघालो. शिक्षिकेने शेवटी चालायचं असतं म्हणून मी शेवटी. माझ्यापुढे ती, मुलीला कडेवर घेऊन. एवढी मोठी मुलगी, पण खाली ठेवायला तयार नव्हती. माझ्यामागे फक्त ऊस होता. माफी कोणत्या शब्दांत मागावी ते सुचत नव्हतं, म्हणून मी गप्प चालत होते. थोडं अंतर गेल्यावर ती मान न वळवता हळूच, माझ्या आठवणीत एकदाच हळू, म्हणाली,

“बाई, गप नका होऊ. तुम्ही हायेत का नाय तेच कळत नाय, आन् मला मागं वळून बघायचं भ्या वाटतं.”